निळू फुले म्हणजे तुमचं स्टिकर नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्टिकर फिरतं. पांढरी टोपी, तिरकी नजर, ओठाच्या कोपऱ्यात अडकलेलं हसू आणि खाली तीन शब्द : ‘बाई, वाड्यावर या’. तुमच्या फोनमध्ये ते नसेल तर तुमच्या एखाद्या ग्रुपवर नक्की असेल. वर्गातल्या मुलीने नवा डीपी लावला की टाका हे स्टिकर. तालुक्याला नव्या तहसीलदार मॅडम आल्या, पेपरात फोटो छापून आला, टाका स्टिकर. महिला दिनाच्या शुभेच्छांखालीसुद्धा मी ते पाहिलंय. आणि दरवर्षी १३ जुलैला, म्हणजे निळू फुले ज्या दिवशी गेले त्या दिवशी, हीच मंडळी हात जोडलेल्या इमोजीसह ‘विनम्र अभिवादन’ लिहितात आणि खाली पुन्हा तेच.

एवढं काय त्यात, गंमत आहे, असं म्हणणाऱ्यांशी मला भांडायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. हा विनोद निळू फुल्यांवर नाही, तो वाड्याच्या बाजूने केलेला आहे. ज्या नटाने आयुष्यभर वाड्याचा मालक कसा असतो ते उघडं करून दाखवलं, त्याचाच चेहरा आपण वाड्याच्या मालकाला मुखवटा म्हणून देऊन टाकलाय. आणि हे करताना आपल्याला वाटतं की आपण त्याची आठवण जागवतोय.

मी परभणी जिल्ह्यातली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही उठता-बसता म्हणतो. त्याचा अर्थ विचारू नका, अभिमान तेवढा समजून घ्या. कॉलेजला असताना मी सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीने ये-जा करायचे. पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी स्टँडवर चार-पाच पोरं मोबाईल घेऊन उभी असायची. कुणी शिट्टी मारायचं नाही, कुणी जवळ यायचं नाही. मुलगी समोरून गेली की फोनवरून मिमिक्रीची क्लिप वाजवायची. तेच तीन शब्द. स्पीकर फुल. मुलीने वळून पाहिलं तर पोरं फोनकडे बघत असायची, जणू फोनच बोलला. तक्रार कशाची करणार? छेड काढणारा माणूसच तिथे नव्हता, होता तो एक मेलेला नट. माझी मैत्रीण म्हणायची, ‘आगं सोड ना, कशाला नादी लागायलीस?’ आम्ही सोडून द्यायचो. त्या वर्षभरात निळू फुले या माणसाबद्दल माझ्या मनात जी किळस साठली, तिच्यातलं एक थेंबही त्या माणसाने कमावलेलं नव्हतं. ते त्या पोरांनी आणि त्यांच्या हातातल्या क्लिपने त्याच्या नावावर जमा केलं होतं.

पुढे मी एक खेळ सुरू केला. कुणीही हे वाक्य म्हटलं की विचारायचं, कोणत्या सिनेमातलं? आजवर एकालाही उत्तर देता आलेलं नाही. ‘असंच काहीतरी होतं ना एकात’ इथवर गाडी येते आणि थांबते. दुसरा प्रश्न : निळू फुल्यांचा एक तरी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलायस का? तिथे तर दातखीळच बसते. म्हणजे आदरांजली वाहायची, पण ज्याला वाहायची त्याचं काम पाहायचं नाही. आपल्याला नट नको आहे, आपल्याला त्याची टोपी हवी आहे.

तर मग काम पाहू.

नीळकंठ कृष्णाजी फुले हा पुण्याचा मुलगा. घरची परिस्थिती बेताची. अभिनयावर पोट भरायच्या आधी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी म्हणून नोकरी केली. महिना ऐंशी रुपये पगार आणि त्यातले दहा राष्ट्र सेवा दलाला, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलंय. ऐंशीतले दहा. तुमच्या-माझ्या पगाराचा आठवा हिस्सा कुठल्या विचाराला देऊन बघा, मग कळेल. सेवा दलाचं कलापथक ही त्यांची शाळा. लोहियांच्या विचारांचा पगडा. १९५७च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ नावाचा वग स्वतः लिहिला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये रोंग्या केला. मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य आलं आणि त्याचे दोन हजारांवर प्रयोग झाले. सिनेमाचा कॅमेरा समोर येण्याआधी हा माणूस गावोगावच्या माणसांसमोर उभा राहून, त्यांच्या हसण्या-गप्प बसण्याचा अंदाज घेत तयार झालेला होता. आणि त्याचा विषय पहिल्यापासून एकच होता : पुढारी.

१९६८ साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधले झेले अण्णा त्यांनी केले आणि मराठी सिनेमाला एक नवा माणूस सापडला. नवा का म्हणते, ते सांगते. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सहकारी साखर कारखाने त्याच्या आधी दहा-बारा वर्षं उभे राहायला लागले होते. गावात पहिल्यांदा सरकारी पैसा, कर्ज, नोकऱ्या, बदल्या, शाळेची मंजुरी, विहिरीची मंजुरी असं सगळं एका माणसाच्या हातून जायला लागलं. हा जुना जमीनदार नव्हता. तो निवडून आलेला होता, त्याच्या भिंतीवर गांधींचा फोटो होता, तो सोसायटीचा चेअरमन होता आणि भाषणात ‘रयत’ म्हणत होता. त्याला गावातला प्रत्येक जण ओळखत होता, पण तोवर पडद्यावर तो धड उमटला नव्हता. हिंदी सिनेमातला खलनायक तेव्हा लाल-हिरव्या दिव्यांच्या अड्ड्यात बसून दारू पीत होता. आपला खलनायक खुर्चीवर बसून पान जमवत होता आणि म्हणत होता, बसा की.

हे पडद्यावर आणलं निळू फुल्यांनी. त्यांचा आवाज आठवा. क्लिपमधला ओढून-ताणून घोगरा केलेला नव्हे, खरा. तो खाली असतो. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला ओरडावं लागत नाही, हे त्यांना कळलेलं होतं. वाक्याच्या मध्येच ते थांबतात. तेवढ्या वेळात समोरचा माणूस आपल्या घरातल्या बायका-पोरांचा, गहाण पडलेल्या जमिनीचा, अडलेल्या बदलीचा हिशेब करून मोकळा होतो. धमकी दिलीच जात नाही, ती समोरच्याच्या डोक्यात तयार होते. मिमिक्री करणाऱ्यांना नेमका हा थांबा जमत नाही, म्हणून ते त्या जागी गुरगुरतात.

‘सामना’ पाहा. १९७५चा सिनेमा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, निर्माते रामदास फुटाणे. त्याच वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. मी तो होस्टेलच्या कॉटवर, कानात एकच चालू असलेला इअरफोन घालून, फोनवर पाहिला. प्रिंट खराब, पावसाळी हवेत पाहिल्यासारखी. तरीही मधे थांबवता आला नाही. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या राज्यात एक दारुडा मास्तर येऊन पडतो, ते डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव त्याला हाकलत नाही, बंगल्यावर आणतो, खाऊ-पिऊ घालतो. आणि मास्तर मारुती कांबळे नावाच्या एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारू लागतो. त्याचं काय झालं, एवढाच त्याचा प्रश्न. तो कधी दारूत बरळतो, कधी शुद्धीत विचारतो.

त्या सिनेमातला हिंदुराव राक्षस नाही, आणि सगळी ताकद तिथेच आहे. तो आल्या-गेल्याचं करणारा माणूस आहे. त्याने कारखाना उभा केलाय, रस्ते आणलेत, लोकांच्या चुली पेटवल्यात, आणि हे खोटं नाही. मास्तरबद्दल त्याला खरोखर ओढ वाटते. निळू फुले ही ओढ इतक्या मनापासून दाखवतात की आपणही हिंदुरावाच्या बाजूने थोडे सरकतो. आणि मग मास्तर पुन्हा तो प्रश्न विचारतो. त्या वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला दोन सेकंद पुरतात, समजायला बराच वेळ जातो. राग नसतो तो. एवढं सगळं केल्यावरही हा एक माणूस आपल्याला सोडत का नाही, असं खरंखुरं दुखावलेपण असतं. सत्तेला स्वतःबद्दल काय वाटतं हे त्या चेहऱ्यावर दिसतं. सत्ता स्वतःला कधीच खलनायक समजत नाही.

आता स्टिकर बघा. त्यात खलनायक उरलाय, सत्ता गेली. कारखाना गेला, सोसायटी गेली, मारुती कांबळे गेला, मास्तर तर केव्हाच गेला. राहिली फक्त बाईकडे बघणारी एक नजर, आणि ती आता गमतीची.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर माझं भांडण खोटं ठरेल. ही नजर पोरांनी हवेतून आणलेली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठीत ग्रामीण तमाशापटांचा आणि कौटुंबिक रडगाण्यांचा जो रतीब चालू होता, त्यात निळू फुल्यांना पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं गेलं. टोपी, धोतर, पानाचा तोबरा, आणि तिसऱ्या रिळात कुणाच्या तरी पदराला हात. अडीचशेच्या आसपास सिनेमे त्यांनी केले असं सांगितलं जातं. त्यातले कितीतरी आज बघवत नाहीत. त्या सिनेमांतला कॅमेरा अत्याचाराचा निषेध करत नव्हता, तो प्रेक्षकाला चोरून बघायला बोलवत होता. नायकाने शेवटी चार ठोसे मारले की सगळ्यांचं पाप धुऊन निघायचं. निळू फुल्यांनी ही कामं केली. पोटासाठी केली, की नाही म्हणता आलं नाही म्हणून केली, यात मी शिरत नाही. पण निर्मात्यांना जमलेला साचा मोडायचा नव्हता आणि आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, तो मोडलेला बघायचा नव्हता. आजचं मीम त्याच साच्याचं स्वस्त पिल्लू आहे.

फक्त एक फरक पडलाय आणि तो माझ्या आजीने मला नकळत सांगितला. आजीने निळू फुले जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मधे कापडाचा पडदा. ती सांगायची, तो पडद्यावर आला की बायकांच्या बाजूने शिव्या सुरू व्हायच्या. ‘मुडदा बशिवला त्याचा, बघायलाय कसा!’ एकीने तर चप्पल काढली होती म्हणे. त्या बायकांना कळत नव्हतं की हा नट आहे, असं आपण आज हसून म्हणतो. मला वाटतं, त्यांना नीट कळत होतं. गावात ज्याला शिवी देता येत नव्हती, त्याला तंबूच्या अंधारात देता येत होती. निळू फुल्यांनी त्या बायकांना ती सोय करून दिली होती. सिनेमा कसाही असो, त्या शिव्या खऱ्या होत्या. आज तोच चेहरा बघून कुणी शिवी देत नाही. हसतात. आजी ज्याच्यावर चप्पल उगारत होती, तिचा नातू त्याच्याच आवाजात मुलींना हाका मारतोय.

मुखवटा चेहऱ्याला चिकटण्याचं हे दुखणं एकट्या निळू फुल्यांचं नव्हे. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका अस्सल उभा केला की घरसंसार असलेल्या त्या माणसाला उभा जन्म लोकांच्या टवाळीला तोंड द्यावं लागलं. ते २००८ साली गेले. आपण चरित्र अभिनेत्याला काय देतो? नायकाला पुतळे, नटसम्राटाला पदव्या, आणि बाकीच्यांना टोपणनावं.

दुसरीकडे काय होतं तेही सांगते. अमेरिकेत हॅरी डीन स्टँटन नावाचा नट होता. केंटकीसारख्या तंबाखू पिकवणाऱ्या राज्यातल्या खेड्यात जन्मलेला, सुकलेल्या चेहऱ्याचा. वर्षानुवर्षं गुंड, ड्रायव्हर, शेरीफ अशी मिळतील ती दुय्यम कामं केली. १९८४च्या ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये पन्नाशी उलटल्यावर नायकाचं काम मिळालं. रॉजर ईबर्ट या समीक्षकाने तर नियमच करून टाकला होता, की ज्या सिनेमात स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत असेल तो सिनेमा पूर्ण टाकाऊ असूच शकत नाही. आणि केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरातल्या लोकांनी २०११पासून या नटाच्या नावाने महोत्सव भरवायला घेतला, तो जिवंत असताना. म्हणजे काय करायचं, तर त्याचे सिनेमे लावायचे, एकत्र बसून बघायचे, बोलायचे. एवढं सोपं. अमेरिकेचं कौतुक करायची मला हौस नाही; तिथेही नटांना साच्यात कोंबतातच. पण चेहरा आवडला की काम बघायचं, ही साधी रीत त्यांना सुचली.

आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे? तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ला रंगभूमीवर आलं. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, लालन सारंगांची चंपा आणि सखाराम निळू फुले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, त्यांना राबवणारा, आणि तरीही लग्न करून सभ्यपणे मारहाण करणाऱ्यांपेक्षा मी बरा असं तोंडावर सांगणारा माणूस. नाटकावर बंदी आली, सारंग कोर्टात गेले, जिंकले. बाईवर मालकी सांगणारा पुरुष आतून कसा असतो, तो कुठे क्रूर असतो आणि कुठे केविलवाणा, हे ज्या नटाने त्या काळात, दगडफेकीच्या धमक्यांच्या वातावरणात रोज रात्री उभं राहून दाखवलं, त्याचं नाव घेऊन आज मुली छेडल्या जातात.

जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी अप्पाजी केले. जुने गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक, पोरगा मुख्यमंत्री, आणि बाप पोराच्या राज्याविरुद्ध उभा. हिंदुराव करणाऱ्याच नटाने हिंदुरावाच्या विरोधातला बापही केला. ‘सिंहासन’मध्ये तर टोपीच नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा जब्बार पटेलांचा सिनेमा, आणि निळू फुले त्यात दिगू टिपणीस, मंत्रालयात चकरा मारणारा, सगळं माहीत असलेला आणि काहीच छापू न शकणारा पत्रकार. खांद्याला शबनम, डोळ्यांत झोप. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि लागूंचा अर्थमंत्री एकमेकांना खेळवतात, आणि हा नुसता बघत राहतो. शेवटचं त्याचं हसणं बघा. ते बघितल्यावर स्टिकरवरचं हसू तुम्हाला परत पाठवता येणार नाही, निदान लगेच तरी. महेश भट्टच्या १९८४च्या ‘सारांश’मध्ये गजानन चित्रे हा मुंबईतला पुढारी आहे, तिथे वाडा नाही, धोतर नाही, पण दारात उभं राहून घाबरवण्याची रीत तीच.

पडद्याबाहेरचा माणूस याहून वेगळा नव्हता. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशी ते जोडलेले होते. चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा लागूंसोबत आणि इतर नामवंत नटांसोबत ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसे गोळा करणाऱ्यांत ते होते. १९९१चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. हे सगळं विकिपीडियावर आहे, मी काही गुपित फोडत नाहीये. अडचण अशी की ते स्टिकरवर मावत नाही.

आता माझ्या जिल्ह्यात परत येते. आमच्याकडे खरं तर वाडा म्हणतच नाहीत. आमच्या गावांत गढी असते, पांढऱ्या मातीची, पडकी, बाभळी उगवलेली. निजामाच्या राज्यातले देशमुख-देशपांडे तिथे राहायचे. १७ सप्टेंबर १९४८नंतर ते राज्य संपलं, गढ्यांची माती लोकांनी शेतात नेऊन टाकली. सिनेमातला वाडा कोल्हापूरकडचा, भाषाही तिकडची. म्हणजे स्टँडवरची आमची पोरं ‘काय करायलीस, कुठं जायलीस’ असं बोलणारी, पण मुलीला छेडायचं म्हटलं की ती उसन्या बोलीत आणि उसन्या आवाजात छेडतात. मला याचं कोडं पडायचं. मग लक्षात आलं, उसनं घेतलं की जबाबदारीही उसनी होते. ‘मी नाही बोललो, निळूभाऊ बोलले.’

आणि गढी पडली म्हणून तिच्यातला कारभार पडला असं समजू नका. तो जायकवाडीच्या कालव्याकाठच्या उसात गेला, मोंढ्यात गेला, ठेक्यांत गेला, संस्थांत गेला. आता तो काळ्या काचांच्या गाडीतून फिरतो, वाढदिवसाला चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागतात, आणि त्याच्या रीलला आपणच लाइक देतो, कारण भाच्याच्या नोकरीचं काम त्याच्याकडे अडकलेलं असतं. त्याला कुणी स्टिकर करत नाही. त्याच्यावर विनोद करून बघा एकदा, ग्रुपवर. अ‍ॅडमिन पाच मिनिटांत डिलीट करायला लावेल. मग आपण सुरक्षित जागी हसतो : मेलेल्या नटावर आणि जिवंत मुलीवर.

‘सामना’मधला तो प्रश्न मला माझ्याच शहरात भेटला. १० डिसेंबर २०२४ला परभणीत रेल्वे स्टेशनजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमधून धरपकड. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, कायद्याचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. त्याच्या आईने हा विषय सोडला नाही. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. हे सिनेमासारखं होतं असं मी म्हणणार नाही, ते तसं म्हणणं त्या आईचा अपमान होईल. मी एवढंच सांगते की त्या डिसेंबरात मला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मराठी सिनेमातला दारुडा मास्तर पुन्हा पुन्हा आठवत होता, जो एकच प्रश्न घेऊन बसला होता. आणि माझ्या फोनवर, त्याच आठवड्यात, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोखाली हिंदुरावाचा चेहरा ‘वाड्यावर या’ म्हणत होता. ज्या नटामुळे तो प्रश्न विचारण्यासारखा झाला, त्याचंच तोंड आपण प्रश्न बुजवायला वापरत होतो.

कुणी म्हणेल, मग काय मीम बंद करायचे? बंदीची मागणी मी करणार नाही. ‘सखाराम’वर बंदी घालणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. आणि निळू फुल्यांवर विनोद करू नये, असंही माझं म्हणणं नाही. लोकनाट्यातून आलेला तो माणूस, त्याची आयुष्याची भाकरी विनोदावर होती. पण वगातला विनोद कुणावर असायचा? पाटलावर, सावकारावर, पुढाऱ्यावर. राजाच्या तोंडावर राजाची टर उडवायला सोंगाड्या असतो. तुमच्या विनोदात टर कुणाची उडते, ती स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीची. हा सोंगाड्याचा विनोद नाही, राजाचा आहे.

परभणीला दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असतं. तिथे, आणि कॉलेजांच्या एकांकिकांमध्ये, मी गेली काही वर्षं जाऊन बसते. चांगली पोरं-पोरी आहेत आमच्याकडे, मेहनती. पण नाटकात गावचा पुढारी आला रे आला की पोरगं टोपी तिरकी करतं, आवाज घोगरा करतं, कोल्हापुरी बोलायला लागतं आणि पहिल्याच वाक्याला हशा घेतं. हशा मिळाला की पुढे काही करावं लागत नाही. त्या पोरांना माझं आव्हान आहे. टोपी काढा. घोगरा आवाज टाका. तुमच्या तालुक्यातला, तुम्हाला नावानिशी माहीत असलेला माणूस घ्या. नाव बदला, हवं तर गावही बदला. त्याला आपल्या बोलीत बोलू द्या, ‘काय करायलास बाबू, बस की’ म्हणू द्या. त्याने खरंच काय काय चांगलं केलंय तेही येऊ द्या. मग वाक्याच्या मधे थांबा. प्रेक्षागृहात हसू येत नसेल, आणि तिसऱ्या रांगेत बसलेला त्याचा एखादा कार्यकर्ता फोन काढून बाहेर जात असेल, तर थांबा बरोबर जागी घेतलाय असं समजा.